डबा संपायच्या आत

रतन लेकीला घेऊन भोरहून हिर्डोशीला परतली, त्या दिवशी वस्तीतलं कुणीही सामोरं आलं नाही. आषाढ लागला होता. एस.टी.तून उतरून ती आणि तिचा नवरा जगन चिखलाच्या पायवाटेनं खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीत आले, तर दारं नुसती लोटलेली. सासू सरूबाई तेवढी बाहेर आली. तिनं घाईघाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आत ये बिगीनं. तिकडं बघू नको."

रतननं बघितलंच. ओढ्याच्या बाजूनं चार-पाच माणसं घोंगड्या पांघरून येत होती. एकाच्या खांद्यावर कुदळ होती. सगळ्यांच्या पुढं सावळाराम होता आणि त्याचे हात रिकामे होते. शेजारच्या फुलाबाईचा तो नवरा. त्यांचं तान्हं पोर सकाळी गेलं होतं.

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. रतन मूळची राजगडाखालच्या गुंजवण्याची. अंगानं काटक, भातलावणीत तिच्या जोडीनं चालणं इतर बायांना जड जायचं. जगन वरंधा घाटात रस्तादुरुस्तीच्या गँगमध्ये कामाला होता. रतन पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं, तेव्हा गँगच्याच ट्रकमधून तिला भोरला नेलं. बाळंतपण झालं, पण रक्त फार गेलं, मागून ताप भरला. ती शुद्धीत-बेशुद्धीत असताना दवाखान्यातल्या बायांनी पोरीला डब्याचं दूध पाजून जगवलं. रतनला पान्हा आला होता. छाती दगडासारखी झाली, ठणकली आणि मग कुणी ओढलंच नाही म्हणून हळूहळू ओसरून गेली. घरी सोडताना पोरगी तीन आठवड्यांची होती आणि तिला रबरी बुचाच्या बाटलीखेरीज काही ठाऊक नव्हतं.

जगननं भोरच्या पेठेतून पावडरीचा एक मोठा डबा घेतला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. तो डबा त्यानं सगळ्या एस.टी.भर मांडीवर धरून आणला होता. फुलाबाईच्या घरातही तसलाच डबा आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

फुलाबाईला कुणी तरी सांगितलं होतं, तुझं दूध पातळ आहे, पोर बाळसं धरत नाही. लावणीचे दिवस, दिवसभर वावरात जायचं. तिनं पोराला डबा सुरू केला, बाटली म्हाताऱ्या चुलत सासूच्या हातात दिली. पोराला ढाळ लागले आणि ते थांबलेच नाहीत.

जगन दोन दिवस राहिला आणि घाटात दरड कोसळल्याचा निरोप आला तसा कामावर गेला. पाठोपाठ एस.टी. बंद झाली. खालचा फरशीचा पूल पाण्याखाली गेला. आता भोरहून काहीही यायचं नव्हतं आणि भोरला कुणी जायचं नव्हतं.

फुलाबाई पहिल्यांदा आली ती अशाच एका दुपारी. ती उंबऱ्यावरच टेकली. ओल्या लुगड्याचं पाणी जमिनीवर पसरत होतं. सरूबाई पोरीला बाटली देत होती. फुलाबाई त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली.

"पितीया न्हवं चांगली?" तिनं विचारलं.

"पितीया," रतन म्हणाली.

"माज्याकडं अर्धा डबा हाय. वाया जायचा. आणू?"

सरूबाई पटकन म्हणाली, "नगं गं बाई. हाय आमच्याकडं."

फुलाबाईनं मान हलवली, पण ती उठली नाही. पोरगी झोपेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच येऊ लागली. बोलायची नाही, काही मागायची नाही, नुसती बसायची. तिला हाकलणार कोण? सरूबाई पोरीच्या गालाला काजळाचा मोठा ठिपका लावायची आणि फुलाबाई गेली की मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकायची.

डबा सरूबाईनं आपल्या ताब्यात घेतला होता. वरच्या फळीवर, हात पुरणार नाही असा. पावडर काढायची ती, पाणी घालायची ती, पाजायचीही तीच. रतनला उठता-बसता घेरी यायची, त्यामुळं तिला ते बरंच वाटलं. पोरगी सुरुवातीला फार रडायची. पुढं रडणं कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलंच. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "गुणाची हाय पोर. आवाज न्हाई तिचा."

रतनलाही आधी हायसं वाटलं. पण एकदा अंघोळ घालताना पोरीच्या मांडीची कातडी तिच्या चिमटीत आली आणि तशीच उभी राहिली. टाळू आत गेल्यासारखी दिसत होती. लंगोटात हिरवट पाणी होतं. पोरगी डोळे उघडून वर बघत होती, पण आईकडे नाही, कशाकडेच नाही.

सरूबाई सरपण बघायला पडवीत गेली होती. रतन पाटावर चढली आणि तिनं डबा खाली काढला. झाकण उघडलं. इतके दिवस बाटल्या चालल्या होत्या आणि पावडर जेमतेम वरचा काठ सोडून खाली गेली होती.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. "ह्यातलं किती घालता तुमी?"

सरूबाई दारात थांबली. डबा बघून तिनं सरपण खाली ठेवलं.

"एक चमचा."

"आख्ख्या बाटलीला?"

"मग? रस्ता बंद हाय. ह्यो डबा संपला तर काय पाजशील? माती?" सरूबाई ओरडली, मग हळू आवाजात म्हणाली, "माजी दोन गेली, रतने. तवा असला डबाबी नव्हता. पेजंचं पानी पाजलं म्या. म्हनलं, हिला तरी पावसाळाभर पुरवून पुरवून..." तिनं पोरीकडे नीट बघितलं, बहुधा त्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि ती मटकन खाली बसली.

रतननं पोरगी छातीशी बांधली, डबा आणि बाटली पदरात घेतली, डोक्यावर इरलं घातलं आणि बाहेर पडली. खालच्या गावात सरकारी नर्सबाई राहायच्या एवढं तिला ठाऊक होतं. वाट निसरडी होती. थोडं पुढं गेल्यावर तिला मागं पावलं वाजल्यासारखी वाटली. तिनं वळून पाहिलं. फुलाबाई येत होती. डोक्यावर इरलं नाही, काही नाही.

"मीबी येती," फुलाबाई म्हणाली.

रतन चालायला लागली. जमेल तेवढी भरभर चालली. मागची पावलंही भरभर झाली. ओढ्याशी ती थांबली. पाणी गढूळ, मांडीइतकं, ओढ घेणारं. फुलाबाई शेजारी आली आणि तिनं हात पसरले.

"दे हिकडं. तुला झेपायचं न्हाई."

रतननं पोरीला घट्ट धरलं. पाण्यात एक पाऊल टाकलं तर गुडघाच वाकला. दुसरा इलाज नव्हता. तिनं गाठ सोडली आणि पोरगी त्या हातांत दिली. फुलाबाई सरळ पाण्यात शिरली. पलीकडे जाऊन तिनं पोरीच्या तोंडावरचं पाणी पुसलं आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. रतन दगडांना धरत धरत पार झाली, तरी ती वळली नव्हती.

"फुलाबाई."

रतन एक पाऊल पुढं सरकली.

"फुलाबाई, दे तिला."

मग ती वळली. जड वस्तू द्यावी तशी तिनं पोरगी परत दिली.

नर्सबाई भोरच्या होत्या, सौदामिनी नाव. वयानं रतनपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पोरीला काट्याला लावलं, टाळूवर हात फिरवला, बाटलीचं बूच हुंगलं आणि बाटली टेबलाखाली ठेवून दिली. "ही परत न्यायची नाही," त्या म्हणाल्या. पाणी उकळून त्यांनी डब्यावर लिहिल्याप्रमाणे दूध केलं आणि वाटी-चमच्यानं स्वतः पाजलं. पोरगी गिळताना धापा टाकत होती.

"ऐक रतन, स्पष्ट बोलते. आज डबा बंद केलास तर ही राहणार नाही. आणि डब्यावरच ठेवलीस तर हा संपला की राहणार नाही. आधी पाणी घालून वाढवलंत तसं आता करायचं नाही. दूध पूर्ण मापाचंच द्यायचं. डबा लवकर संपेल. तो संपायच्या आत तुझं दूध यायला हवं."

"मला न्हाई येत, बाई. आटलं."

"ओढलं नाही म्हणून आटलं. ओढलं तर येईल." मग त्यांनी दाखवलं. पोरगी जरा हलली, तोंड वळवलं की आधी अंगावर घ्यायची, दोन्ही बाजूंना. ती चिडेल, कारण बाटलीतनं आपोआप येतं आणि इथं कष्ट पडतात. म्हणून दुसऱ्या कुणी तरी चमच्यानं थोडं थोडं दूध छातीवरून असं सोडायचं, की ओढता ओढता तिच्या तोंडात जाईल. मग उरलेलं वाटीनं. मधल्या वेळात हातानं पिळायचं, थेंब येवो न येवो. स्वतःचं दूध वाढेल तसं डब्याचं थोडं थोडं कमी करायचं, एकदम नाही. आणि लंगोट बघायचे. चांगले भिजले तर पोट भरतंय. कोरडे राहिले तर कमी केलेलं परत द्यायचं आणि पोरीला घेऊन यायचं.

"येईल ना पण?" रतननं विचारलं.

"खात्री मी देत नाही," सौदामिनीबाई म्हणाल्या. ढाळाचं औषध त्यांनी कागदात बांधून दिलं.

घरी आल्यावर सरूबाईनं सगळं मान खाली घालून ऐकलं. वरच्या आळीच्या विहिरीवर वस्तीला पाणी भरता येत नव्हतं आणि ओढा तर चहासारखा लाल झाला होता. दुसऱ्या दिवसापासून सरूबाई कळशी घेऊन डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यावर जाऊ लागली. तिचे गुडघे आधीच दुखरे. एकदा ती सगळी चिखलानं माखून, लंगडत आली, पण कळशी भरलेली होती. ते पाणी ती उकळ्या फुटेपर्यंत चुलीवरून उतरवायची नाही.

पोरगी छातीशी धरली की धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि किंचाळायची. सरूबाई शेजारी बसून चमच्यानं दूध सोडायची. निम्मं सांडायचं. सांडलेलं बघून दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. कधी कधी पोरगी चार घोट ओढायची आणि थकून झोपायची, मग तिला तळपायाला टिचक्या मारून उठवायचं. रतनची स्तनाग्रं चिरली. पोरगी तोंड लावायची तेव्हा रतन दाराची चौकट धरून ठेवायची. सरूबाईनं नाचणीची आंबील केली, शेजारून अळीव मागून आणला, मेथी, लसूण, जे मिळेल ते तिच्या पुढ्यात ठेवलं. रतन चव न घेता खायची. पिळल्यावर काही यायचं नाही. एका सकाळी थेंब आला, पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा. सरूबाईनं तो बघितला आणि पदरानं डोळे पुसले.

डबा मात्र दिसता दिसता खाली चालला होता. रतन चमचा आत घालायची तेव्हा आता तळाच्या पत्र्याला लागून तो खरवडायचा.

थेंबाची धार झाली तसं तिनं प्रत्येक पाजण्यातून थोडं थोडं कमी करायला घेतलं. दोन-तीन दिवस ठीक गेलं. तिला धीर आला आणि तिनं घाई केली. एका दिवशी दुपार झाली तरी लंगोट कोरडाच. पोरीच्या लंगोटाला ती पुन्हा पुन्हा हात लावत राहिली, जणू आधी ओल हाताला लागायची राहून गेली असावी. पोरीचे ओठ सुकले होते. रतननं कमी केलेलं सगळं परत दिलं. लंगोट भिजला तेव्हा सांज व्हायला आली होती. पण त्या एका दिवसात जपून ठेवलेली पावडर गेली.

आणि मग डबा संपला. फुलाबाईच्या अर्ध्या डब्याला केव्हाच ओल लागून गाठी झाल्या होत्या. तेव्हा रतनचं दूध पोरीच्या निम्म्या भुकेला पुरत होतं.

फुलाबाई त्या दिवशीही उंबऱ्यावर होती. पोरगी दोन्हीकडून पिऊन झाली होती आणि तरी मूठ चोखत रडत होती. आता तिच्या रडण्यात जोर आला होता, तेवढं एक बरं होतं. सरूबाई रिकामा डबा उलटा करून बघत होती. रतनची नजर सहज फुलाबाईकडे गेली. तिच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत होते. पाऊस तर तेव्हा उघडलेला होता.

फुलाबाईनं पदर ओढून घेतला. "ती रडली की अजून येतंय," ती म्हणाली. "थांबतच न्हाई."

मग रतन उठली.

"रतने, नगं," सरूबाई पुटपुटली. "तिचं पोर गेलंय."

रतननं पोरगी फुलाबाईच्या मांडीवर दिली. पोरीला आता ओढायचं कळत होतं. तिनं तोंड लावलं आणि घटाघटा गिळण्याचा आवाज आला. दूध गालावरून ओघळलं. रतन अगदी खेटून बसली होती, पोरीचे पाय तिनं मुठीत धरले होते.

फुलाबाई पोरीकडे बघत म्हणाली, "पातळ हाय म्हनत व्हती समदी."



त्या दिवसापासून फुलाबाई रोज पाजायला लागली. आधी रतन, उरलेल्या भुकेला फुलाबाई. पोरीची टाळू भरली, मांड्या भरल्या. रतनचं दूधही चढत चाललं होतं. आता फुलाबाईकडे जाईपर्यंत पोरगी अर्धी झोपलेली असायची. हे फुलाबाईच्याही लक्षात येत होतं. ती लवकर येऊ लागली. पाजून झालं तरी पोरीला खाली ठेवायची नाही. एकदा तिनं पोरीला "किसन" म्हणून हाक मारली. तिच्या पोराचं ते नाव. रतननं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

श्रावणातली एक उघडीप होती. रतन पहिल्यांदाच लंगोट धुवायला ओढ्यावर गेली, सरूबाईला झोळीपाशी बसवून. परतली तर सरूबाई भिंतीला टेकून पेंगत होती आणि झोळी हलकी, वाऱ्यानं हलत होती.

रतननं कुणाला हाक मारली नाही. फुलाबाईच्या घरात बघितलं. घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. मग ती ओढ्याच्या वरच्या अंगाला पळत सुटली, जिकडे वस्तीतलं कुणी विनाकारण जात नसे.

उंबराखाली दगड रचलेली लहानशी जागा होती. तिच्याशेजारी ओल्या मातीत फुलाबाई बसली होती. पोरगी तिच्या छातीशी होती. खाली ओढा भरून वाहत होता, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर.

रतन थबकली. ओरडलं तर ही दचकेल. धावलं तर उठेल. ती सावकाश चालत गेली आणि फुलाबाईच्या नि पाण्याच्या मधे जाऊन बसली.

"त्याला दावाय आणली," फुलाबाई म्हणाली. "म्हनलं, बघू दे त्याला. माजं दूध पातळ न्हाई."

"व्हय," रतन म्हणाली. "न्हाई पातळ. माजी पोर त्याच्यावरच जगली."

फुलाबाईनं मान डोलावली. रतन तशीच बसून राहिली. पोरगी पिऊन झाली, तोंड सुटलं, डोळे मिटले. तेव्हा रतननं हात पुढं केले. फुलाबाईनं या वेळी लगेच दिली. मग ती कपाळ गुडघ्यांवर टेकवून रडायला लागली. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती, हे रतनला तेव्हा उमगलं. तिनं एका हातात लेक धरली आणि दुसऱ्या हातानं फुलाबाईचा दंड, आणि दोघी घरी आल्या.

त्या दिवसानंतर फुलाबाई पाजायला आली नाही आणि रतननंही बोलावलं नाही. पोरगी एकट्या रतनवर राहिली. पहिले काही दिवस रतन लंगोट हातात घेऊन जगायची. ते भिजत राहिले. रस्ता खुला झाल्यावर सावळारामनं बायकोला तिच्या माहेरी, वेल्ह्याकडे पोचवलं. जाताना ती रतनच्या दाराशी थांबली नाही.

जगन दाढी वाढलेला, पायाला जखमा झालेला असा घरी आला. येताना त्यानं नवा डबा आणला होता. रतननं तो सौदामिनीबाईंकडे नेऊन दिला. बाईंनी पोरीला काट्याला लावलं, आकडा बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाल्या, "हिचं नाव ठेवलंत का नाही?" तोवर कुणाला नाव ठेवायचा धीरच झाला नव्हता. वस्तीत बुद्धवंदना झाली आणि पोरीचं नाव विशाखा ठेवलं.

विशाखा शरीरानं किरकोळच राहिली. तिला शाळेत घातलं तेव्हाही ती वयाच्या मानानं बुटकी होती. रतनला नंतर दोन मुलगे झाले, दोघेही घरीच, दोघेही पहिल्या तासापासून अंगावर. सरूबाईनं त्यांच्या तोंडात कुणाच्याही हातून पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. तिचं लंगडणं शेवटपर्यंत गेलं नाही.

पंचाहत्तरच्या सुमाराला रतन विशाखाला घेऊन माहेरी गुंजवण्याला निघाली होती. वेल्ह्याच्या बाजारात एस.टी.ची वाट बघताना समोरून फुलाबाई आली. केस पिकले होते. कडेवर तान्हं होतं, पदराखाली पीत असलेलं. दोघी समोरासमोर थांबल्या. फुलाबाईनं विशाखाकडे बघितलं, रतनकडे नाही. विशाखा अनोळखी बाईला बघून आईच्या मागं सरकली.

"लई बारीक हाय," फुलाबाई म्हणाली.

"खात न्हाई नीट," रतन म्हणाली.

गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. रतननं विशाखाचा हात धरला आणि आत चढली. खिडकीतून तिनं बाहेर बघितलं, तेव्हा फुलाबाई कडेवरच्या पोराला दुसऱ्या बाजूला घेत बाजारातून चालली होती.